तुमचं तेहतीस, माझं छत्तीस

चाचा, गाळपाची पहिली मोळी टाकायला बारा दिवस राहिलेत आणि माझ्यासमोरचा तक्ता अजून कोरा आहे. तोच आपला तक्ता. पॅनेलशेजारी पत्र्यावर चिकटवायचा: द्रावणाचं तापमान किती, पीएच किती, हवा किती, गॅस किती सोडायचा. दर गळीत हंगामाआधी तुमच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसून आपण हा भांडून भरायचो. यंदा भांडायला कुणी नाही, म्हणून तो भरतही नाही. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले.

कारखान्याच्या फळ्यावर तुमच्या नावाच्या दोन ओळी लागल्या होत्या. आदम शिकलगार, गॅस विभाग, दुःखद निधन. खडू ओला होता बहुतेक, नाव फिकट उमटलं होतं. मी तिथंच उभी राहून ते परत गिरवलं. वॉचमन बघत होता, बघू दे. तुमच्यावर काही लिहा म्हणून कामगारांच्या मासिकाकडून मला निरोप आलाय, पण जन्म कुठला, शिक्षण किती, नोकरी कधी लागली, हे मला लिहायचं नाही. मला तुमच्याशी बोलायचंय. एक गोष्ट सांगायची राहिली आहे आणि ती सांगायला मी फार उशीर केलाय.

पहिला दिवस आठवतो का? कोरेगावची मी पोरगी, पुण्यात शिकून, तिथल्याच एका कंपनीत चार वर्षं काढून आलेली. पाठीवर लॅपटॉप आणि डोक्यात पुस्तक. उसाचा रस गाळल्यावर उरणारा काळा गाळ, म्हणजे आपला प्रेसमड, बंद टाकीत कुजवायचा, त्याचा गॅस करायचा आणि तो गाड्यांमध्ये भरायचा, असा नवा प्रकल्प होता. अडचण एकच, त्या गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड. सडक्या अंड्याच्या वासाचा, लोखंड खाणारा, वेळ आली तर माणूसही खाणारा. तो काढून टाकणं हे माझं काम. तुम्ही त्याआधी बॉयलरवर होतात, तिथून तुम्हाला माझ्या हाताखाली दिलं. माझ्या हाताखाली! माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस.

तुम्ही पाइपच्या जोडापाशी गेलात, नाक वर केलंत आणि म्हणालात की आज गॅस उग्र आहे, मीटर दोन हजारांच्या वर दाखवेल. मीटरनं बावीसशे दाखवले. आजूबाजूची पोरं हसली आणि माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर मी तुम्हाला झापलं. हा गॅस थोडा असला तरच वास येतो, जास्त झाला की आधी नाकच मरतं, मग वास येत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि खाली पडतो. नाकाच्या भरवशावर इथं काम करायचं नाही, असं बरंच काही. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत,

"मॅडम, मंग नाक मेलंय ह्ये नाकाला कसं कळायचं?"

कळत नाही, म्हणूनच छातीवर हा अलार्म लावायचा, असं मी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही तो लावलात, तो शेवटपर्यंत. एकदा तर तो लावूनच लग्नाला गेला होतात म्हणे. चाचींनी वरातीत ओरडून काढायला लावला.

पण तुमचा खरा अलार्म होता बोटात. लाल खड्याची चांदीची अंगठी. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी नळावर बसून चिंचेच्या बोटुकानं, म्हणजे पिकल्या शेंगेनं, ती घासायची, धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसायची आणि मगच रजिस्टरवर सही. शिफ्ट संपली की उजेडात धरून बघायची. काळवंडली नाही, म्हणजे दिवस चांगला गेला. मी हसायचे. एकदा दुपारीच तुम्ही हात पुढं केलात, अंगठी कडेनं काळी पडली होती, अलार्म मात्र गप्प. तुम्ही दोन तास पाइपलाइन चाचपत फिरलात आणि वरच्या एका जोडाचं कुजलेलं रबर शोधून काढलंत. गळती इतकी बारीक की अलार्मच्या खिजगणतीत नव्हती. त्यानंतर मी हसायचं सोडलं. तुमचं बरोबर होतं असं मात्र म्हटलं नाही. तो माझा स्वभाव नाही, तुम्हाला माहीत आहे.

आणि ते विरजण! आपला स्क्रबर कसा चालतो हे मी तुम्हाला पहिल्या आठवड्यात फळ्यावर समजावलं होतं. उंच मनोऱ्यात खालून गॅस वर जातो, वरून सोड्याचं पाणी पडतं, ते पाणी घाण गॅस शोषून घेतं. मग ते पाणी टाकीत येतं, तिथं जिवाणू असतात, त्यांना बेताची हवा दिली की ते त्या घाणीचं पिवळं गंधक करतात आणि पाणी पुन्हा वापरायला मोकळं होतं. मी बाण काढत होते, सूत्रं लिहीत होते. तुम्ही म्हणालात, म्हणजे दह्यासारखंच की. ऊब बेताची लागते, जास्त झाली की आंबट, कमी झाली की दूधच राहतं. मी फळा पुसला. त्याहून चांगलं मला आजही सांगता येत नाही. नवीन पोरं आली की मी विरजणच सांगते, तुमचं नाव न घेता.

पण ऊब बेताची म्हणजे किती? इथं आपलं फाटलं. मी छत्तीस अंश म्हणायचे, कारण त्या तापमानाला जिवाणू जोमात असतात. तुम्ही तेहतीस म्हणायचात. तुमचं म्हणणं, पाणी गार असेल तर गॅस त्यात चांगला मुरतो, किड्यांचे लाड करता करता मनोऱ्यात गॅस तसाच निसटतो. दोघांचंही खरं होतं, हीच तर पंचाईत. गॅस गारव्यात मुरतो आणि जिवाणू उबेत जगतात. मधली जागा शोधायची तर रोज शोधावी लागते. "छत्तीसचा आकडा नगं वो आपल्यात," असं तुम्ही चिडवायचात आणि मी तरी तक्त्यावर छत्तीसच लिहायचे. मग थंडीत सकाळी येऊन बघावं तर तुम्ही पाइपांना पोती गुंडाळलेली, माझे छत्तीस टिकावेत म्हणून. वाद घालायचा तोंडानं आणि हातानं माझंच काम करायचं.

तुमचा मुख्य मुद्दा वेगळाच होता, तो मला फार उशिरा कळला. तुमचं म्हणणं असं की गॅस रोज नवा असतो. गाळप चालू असताना ताजा प्रेसमड, तेव्हा गॅस गरीब. पावसाळ्यात साठवलेला जुना माल आणि त्यात कोंबडखत, तेव्हा गॅस उग्र. त्याला एकच आकडा वर्षभर कसा चालेल? मी म्हणायचे, आकडा पक्का नसेल तर प्रत्येक जण आपल्या मनानं चालवेल. तुम्ही म्हणायचात, मनानं नाही, बघून चालवायचं. पाण्याचा रंग बघून, फेस बघून, पीएचची कागदी पट्टी बुडवून. मी स्क्रीनकडे बोट दाखवायचे.

आता त्या दिवसाचं बोलते.

श्रावण होता. कोरेगावात माझ्या भावाचा साखरपुडा. हॉलमध्ये सनई लावलेली, आणि मी जिन्याखाली एका कानात बोट घालून तुमचा फोन ऐकत होते. बाहेर पडणाऱ्या गॅसमध्ये सल्फाइड वाढत चाललंय, म्हणालात. मी मोबाइलवर प्लँटची स्क्रीन उघडली. पीएच साडेआठ, म्हणजे सोडा पुरेसा आहे. तापमान ठीक. मग राहिलं काय? हवा कमी पडतेय. मी सांगितलं, हवेचा ब्लोअर पूर्ण सोडा, तासात खाली येईल.

तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत. तुमचं एक वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं.

"आवं, पानी ताकागत पांढरं झालंय. पट्टी सात दावतीया, सात. हवा आदीच जास्त हाय, गॅस कमी करू आन् सोडा देऊ, माजं ऐका."

वरती कुणीतरी मला हाका मारत होतं, अंगठ्या घालायच्या खोळंबल्या होत्या. मी म्हटलं, चाचा, पट्टी जुनी असेल, लाखाचा मीटर खोटं बोलतोय आणि तुमचा कागद खरं? ब्लोअर सोडा. तुम्ही म्हणालात, बरं.

मीटर खोटंच बोलत होता. त्याच्या काचेच्या टोकावर गंधकाचा थर बसला होता आणि तो चिखलात रुतलेल्या माणसासारखा एकाच जागी अडकला होता. पाणी केव्हाच आंबटाकडं झुकलं होतं. हवा जास्त झाली की जिवाणू गंधक करायचं सोडून आम्ल करायला लागतात, हे मला पाठ होतं, परीक्षेत मी ते लिहिलेलं होतं. त्यावर मी अजून हवा कोंबायला लावली. संध्याकाळपर्यंत फेस टाकीवरून खाली आला, विरजण मेलं. प्लँट नऊ दिवस बंद. तुम्ही आणि पोरांनी फावड्यांनी टाकी उपसली. दुसरीकडून नवं विरजण आणावं लागलं.

मग बैठक झाली. साहेबांसमोर रजिस्टर होतं. त्यात तुमच्या अक्षरात लिहिलेलं, हवा पूर्ण सोडली, आणि खाली तुमची सही. साहेबांनी विचारलं, हवा कुणी वाढवली? मी टेबलावरच्या काचेखालचा कारखान्याचा नकाशा बघत होते. तुम्ही म्हणालात, व्हय साहेब, म्या वाढवली. फोनबद्दल मला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. एवढ्या साध्या वाक्यात मी ते वर्षानुवर्षं झाकून ठेवलंय. अहवालात 'ऑपरेटरची चूक' असं लिहिलं गेलं आणि तो अहवाल टाइप करून देणारी मीच होते.

त्या वर्षी हंगामी कामगारांना कायम करायची यादी निघाली. तुमचं नाव वर होतं, ते खाली गेलं. त्यानंतर दोन हंगाम तुम्ही हंगामीच राहिलात. तुम्ही कायम झालात गेल्या वर्षी, तेव्हा तुम्ही सगळ्या विभागाला कुंडलचे पेढे वाटलेत. माझ्या हातावर दोन ठेवलेत. मला ते गिळवेनात, पण तुम्ही समोर उभे होता म्हणून खाल्ले.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा तुम्ही वाळवलेलं गंधक पोत्यात भरत होता, तुमच्या मेव्हण्याच्या द्राक्षबागेवर भुरीचा रोग आला होता, त्यावर मारायला. मी म्हटलं, चाचा, त्या दिवशी फोनवर मी… तुम्ही पोत्याचं तोंड बांधत म्हणालात, आधी पीएच बघून या. मी गेले. परत आले तेव्हा तुम्ही निघून गेला होता. मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं सांगते. मी समजत होते की तुम्हाला विषय नकोय. विषय मला नको होता.

भाद्रपदात दुपारी जेवून तुम्ही आडवे झालात ते उठलाच नाहीत. हृदय, डॉक्टर म्हणाले. मला फोन आला तेव्हा मी पॅनेलवर होते आणि पहिला विचार काय आला सांगू? आता ते सांगता येणार नाही. तुम्ही गेल्याचं दुःख त्याच्या मागून आलं. असला माझा स्वभाव.

जियारतीला, म्हणजे तिसऱ्या दिवशी, मी कुंडलला तुमच्या घरी आले. बायका आत बसल्या होत्या, मला चाचींनी जवळ बसवून घेतलं. तुमची अंगठी त्यांच्या पदराच्या गाठीत होती. निघताना त्यांनी एक जाड वही हातात दिली. म्हणाल्या, कारखान्याचं काहीतरी आहे, मला वाचता येत नाही, तुझ्या उपयोगाचं असेल तर ठेव. मी ती पिशवीत टाकली आणि दहा दिवस उघडली नाही. परवा तक्ता भरायला बसले आणि काही सुचेना, तेव्हा काढली.

चाचा, तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत! सहा वर्षं. रोजची एक ओळ. आभाळ, माल कुठला, पाण्याचा रंग, पट्टी, मीटर, आणि शेवटी अंगठी: 'लख्ख' किंवा 'काळी'. मी ती पानं तापमानासाठी वाचत गेले आणि मला हसू आलं. थंडीत तुम्ही छत्तीस ठेवलंय, दर थंडीत. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तेहतीस. कोंबडखत आलं की हवा बेताची, गॅस कमी आणि दिवसातून चारदा पट्टी. माझा तक्ता भिंतीवर होता आणि खरा तक्ता या वहीत. माझं निम्मं तुम्ही मान्य करून टाकलं होतं, आणि तोंडावर कबूल करायला तुम्हीही माझ्यासारखेच कद्रू.

मग श्रावणातलं ते पान आलं. ते मला पाठ झालंय, इथं उतरवते, कारण ते कुणीतरी वाचायला पाहिजे.

'आभाळ. कोंबडखत. पानी पांढरं. पट्टी ७, मीटर साडेआट. मॅडमचा फोन. हवा पूर्ण सोडली. मनाला पटलं न्हाई तरी सोडली. ती पोर लांब हुती, म्या टाकीजवळ हुतो. चूक माजी. अंगठी काळी.'

मी ते वाचून केबिनमध्ये रडले. रडून झाल्यावर मला तुमचा राग आला, अगदी पहिल्या दिवसासारखा. कसली तुमची चूक? तुम्ही सांगत होता आणि मी ऐकत नव्हते. हुकूम माझा होता. हा वाद तुम्ही असा परस्पर संपवून जाऊ शकत नाही.

काल साहेबांना लेखी दिलं. त्या दिवसाची सगळी हकीकत, फोन, पट्टी, माझं वाक्य. अहवाल दुरुस्त करा, चूक माझी म्हणून नोंद करा. साहेब म्हणाले, माणूस गेला, आता जुनी फाईल उघडून कुणाचं भलं होणार? मॅडम, तुमच्या बढतीचं बघा. मी म्हटलं, फाईलमध्ये लावल्याची पोच द्या, तोपर्यंत मी बाहेर बसते. पाऊण तास बसले. पोच मिळाली. बढतीचं काय व्हायचं ते होईल. दुपारी शिफ्ट बदलताना दोन्ही शिफ्टच्या पोरांना थांबवून तेच पत्र मोठ्यानं वाचलं. एकजण नळावर जाऊन तोंड धुऊन आला.

तक्ताही आत्ता, हे लिहिता लिहिता भरला. थंडीत छत्तीस, उन्हाळ्यात नि पावसाळ्यात तेहतीस. दर शिफ्टला मीटरचं टोक धुवायचं आणि पट्टीशी ताडून बघायचं. दोघांत फरक पडला तर पट्टी खरी. खाली एक ओळ नवीन घातलीय: टाकीजवळच्या माणसाला पटत नसेल तर फोनवरचा हुकूम पाळायचा नाही, मग तो कुणाचाही असो. त्याखाली माझी सही.

आज सकाळी वही परत द्यायला कुंडलला गेले. त्या पानावर तुमच्या ओळीखाली मी माझी ओळ लिहिली आहे. चाचींना दोन्ही वाचून दाखवल्या, आधी तुमची, मग माझी. 'चूक माझी होती, चाचांची नव्हती.' त्या चुलीपुढं बसल्या होत्या, वळल्या नाहीत. मी म्हटलं, चाची, मी हे त्यांच्यापाशी बोलायला पाहिजे होतं, बोलले नाही. माझ्यामुळं दोन वर्षं गेली तुमची.

त्यांनी भाकरी उलटली. मग म्हणाल्या,

"मला ठावं हाय, बेटी. त्याच दिवशी सांगितलं हुतं त्येंनी. म्या भांडले, म्हनलं जाऊन सांगा की साहेबाला. तर म्हनले, पोर सोताच सांगंल कवातरी. घाई न्हाई."

तुम्हाला घाई नव्हती, चाचा. मला असायला हवी होती.